एका चुकलेल्या सालाची वंशावळ

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या मराठी व्याकरणाचं साल '१८६३' असं लिहिलेला प्रकल्प पहिल्यांदा माझ्या हाती आला, तेव्हा त्या आकड्याभोवती लाल गोल करून मी पान उलटलं. अशा चुका होतात. पुढच्या वर्षी दुसऱ्याच महाविद्यालयातून आलेल्या प्रकल्पात पुन्हा १८६३. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एका मुलीच्या प्रकल्पात तेच साल, आणि आता सालाच्या आगेमागेची वाक्यंही ओळखीची वाटू लागली. तिघं एकमेकांना ओळखत नव्हते. मी तिन्ही प्रकल्प शेजारी शेजारी मांडले. पहिल्यात एका लांब वाक्याचं क्रियापद गळलं होतं. उरलेल्या दोघांतही नेमकं तेच क्रियापद गळलं होतं.

मग मी नायगावला गेले. दादर स्टेशनच्या पूर्वेला, शारदा चित्रपटगृहाच्या वास्तूत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. माझे विद्यार्थिदशेतले बहुतेक शनिवार तिथेच गेले. जुन्या मासिकांचे बांधीव खंड काढून बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मजकुराचा मूळ लेख सापडला. खिळे जुळवणाऱ्याच्या हातून तीन आणि सहा यांची अदलाबदल झाली होती. क्रियापद मात्र लेखात जागच्या जागी होतं. म्हणजे पहिल्या विद्यार्थ्यानं निदान मूळ लेख उघडला होता. नंतरच्या दोघांनी फक्त त्याचा प्रकल्प उघडला. आणि तिघांपैकी एकाच्याही संदर्भसूचीत त्या लेखाचं नाव नव्हतं.

तपासाची ही पद्धत माझी नाही. ती पाठचिकित्सेची आहे. जुन्या पोथ्यांच्या दहा प्रती समोर असल्या, तर कोणती प्रत कोणावरून उतरली हे सामायिक चुकांवरून ठरवतात. बरोबर पाठ सगळ्यांकडे सारखाच असणार, त्यावरून काही सिद्ध होत नाही. चूक सारखी निघाली की नातं सिद्ध होतं. मराठीला ही पद्धत शिकवण्यात याच ग्रंथसंग्रहालयाचा वाटा आहे. त्याची स्थापना १८९८ सालची. त्याच्या छत्राखाली १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ सुरू झालं, आणि त्याचे पहिले संचालक होते अ. का. प्रियोळकर. रघुनाथ पंडिताच्या 'दमयंती स्वयंवरा'ची पाठचिकित्सक आवृत्ती त्यांनी १९३५ मध्ये काढली होती. पुढे मुक्तेश्वराच्या आदिपर्वावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे, हे तळटीपेत नोंदवल्याशिवाय त्यांचं पान पुढे सरकत नसे. ज्या संस्थेनं मराठीला हे शिकवलं, तिच्याच कपाटांतून उचललेला मजकूर नाव न देता विद्यापीठात सादर होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाङ्मयचौर्य टाळण्याविषयीची ही पुस्तिका निघावी असा आग्रह मी धरला, तो त्यामुळे.

पुस्तिका पदवीच्या शेवटच्या वर्षांत, एम.ए.ला आणि पीएच.डी.ला लेखन करणाऱ्यांसाठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या संशोधनासह पदवीची सोय आल्यापासून वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनाही संशोधन प्रकल्प लिहावा लागतो. मुंबईत त्याला सगळे 'ब्लॅक बुक' म्हणतात: काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि पाच प्रकरणं. कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत मागच्या वर्षांच्या ब्लॅक बुकांच्या फायली फिरतात. मुखपृष्ठावरचं नाव बदललं की पुस्तक नवं. आता त्याच्या जोडीला 'प्लॅग काढून देतो' म्हणणारेही आहेत. प्लॅग (म्हणजे प्लेजिअरिझम, वाङ्मयचौर्य) काढायचा म्हणजे मजकुराचा सारखेपणा तपासणाऱ्या यंत्राला सापडणार नाही इतके शब्द फिरवायचे. चोरी तशीच राहते, तिचा माग तेवढा पुसला जातो.

मुलांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. उचललेला मजकूर देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आपण काही वावगं करतोय असं वाटतच नाही. 'मॅडम, मी नेटवरून माहिती गोळा केली', असं ते डोळ्याला डोळा देऊन सांगतात. शाळेत निबंध गाइडमधून पाठ केला, त्याला गुण मिळाले. वर्गात नोट्स उतरवून घेतल्या, त्याच परीक्षेत उतरवल्या, त्यालाही गुण मिळाले. पंधरा वर्षं ज्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यालाच सोळाव्या वर्षी आपण एकदम चोरी म्हणतो. मधल्या काळात त्यांना कोणी काही शिकवलेलं नसतं. दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारायला मी तयार नाही.

नियम काय सांगतो ते आधी थोडक्यात. वाङ्मयचौर्याबद्दलचं विद्यापीठ अनुदान आयोगाचं विनियमन २०१८ सालचं. दहा टक्क्यांपर्यंतच्या सारखेपणाला शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. चाळीस ते साठमध्ये सुधारित लेखन वर्षभर सादर करता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचं. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगानं जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे. मार्गदर्शकालाही काम अस्सल असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

हे विनियमन आलं हे चांगलंच झालं. पण मराठीत लिहिणाऱ्यानं त्याच्या भरवशावर राहू नये. सलग चौदा शब्दांचंच बघा. इंग्रजीत 'च्या', 'मध्ये', 'साठी' यांना स्वतंत्र शब्द लागतात, मराठीत ते नामालाच चिकटतात. 'गिरणगावातल्या कामगारांसाठी' हे मराठीत दोन शब्द झाले. तेवढंच सांगायला इंग्रजीला चार-पाच शब्द लागतात. म्हणजे चौदा मराठी शब्दांत अख्खा विचार बसतो. दुसरी अडचण अक्षरांची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टाइप होत असे, आणि यंत्राला तो मराठी म्हणून वाचताच येत नाही. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवलेले कितीतरी मराठी प्रबंध म्हणजे पानांचे नुसते फोटो आहेत. जुनी मासिकं तर बहुतांशी तिथवर पोहोचलेलीच नाहीत. आणि इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणून आपलं म्हणून दिलं, तर सारखेपणाचा आकडा सहज शून्याजवळ येतो. दादोबांच्या सालाचे तिन्ही प्रकल्प यंत्रातून निर्धोक पार पडले होते. 'रिपोर्ट किती आला?' हा प्रश्न हल्ली परीक्षेच्या निकालासारखा विचारतात. मराठीत त्या आकड्यावरून लेखकाचा प्रामाणिकपणा कळत नाही. यंत्रानं किती वाचलं, एवढंच कळतं.

मग उचल ओळखायची कशी? यासाठी आपल्याकडे एक फार जुनं आणि तरतरीत शास्त्र आहे, ते मुलांना शिकवावं असं मला वाटतं. नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी कनौजच्या दरबारात असलेल्या राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त 'हरण', म्हणजे उचल, या विषयावर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत. त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, तेव्हा आपल्याला तो परका नाही. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ मध्ये 'काव्यमीमांसा' छापली गेली. राजशेखर भाबडा नाही. कवी दुसऱ्याचं घेतातच, हे तो मान्य करतो आणि मग विचारतो, घेतलं कसं? शब्द घेणं वेगळं, अर्थ घेणं वेगळं. अर्थ घेण्याच्या त्यानं सांगितलेल्या तऱ्हांपैकी चार आपल्या कामाच्या आहेत.

पहिली प्रतिबिंबकल्प. अर्थ सगळाच्या सगळा दुसऱ्याचा, फक्त वाक्यरचना बदललेली. आरशातला चेहरा. 'मॅडम, मी माझ्या शब्दांत लिहिलंय', असं जे आपण रोज ऐकतो, ते हेच. आणि अशी उचल राजशेखर त्याज्य ठरवतो. शब्द फिरवले की मजकूर आपला होतो हा समज हजार वर्षांपूर्वीच खोडून ठेवलेला आहे. दुसरी आलेख्यप्रख्य, म्हणजे चित्रासारखी. मूळ वस्तूवर थोडे संस्कार झाले, ती वेगळी भासू लागली. विद्यापीठातले निम्मे 'साहित्याचा आढावा' इथे मोडतात. तिसरी तुल्यदेहितुल्य: दोन माणसं वेगळीच, पण तोंडावळा इतका जुळतो की एकच वाटावीत. इथे आरोप करताना परीक्षकानं हात आखडावा, कारण दोघांनी स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षावर येणं शक्य आहे. चौथी परपुरप्रवेशसदृश, दुसऱ्याच्या नगरात शिरावं तशी. मूळ बीज एक, पण मांडणी, वेश, सगळं निराळं. काव्यात तिचा गौरव होतो. संशोधनात तीच वाट चालते, पण वेशीवर आपलं नाव सांगून आणि नगर कोणाचं ते कबूल करून. काव्यशास्त्राला तळटीप लागत नाही, प्रबंधाला लागते. राजशेखराची विभागणी जशीच्या तशी आजच्या विद्यापीठाला लावता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही टक्क्यांच्या चार पायऱ्यांपेक्षा या चार तऱ्हांनी माझ्या विद्यार्थ्यांना जास्त शिकवलं.

निर्देश करणं ही पाश्चात्त्य विद्यापीठांनी आपल्यावर लादलेली शिस्त आहे, असं काही प्राध्यापकही बोलतात. त्यांनी ज्ञानेश्वरीचा शेवट पुन्हा वाचावा. आपण व्यासांच्या मागानं आणि भाष्यकारांना वाट विचारत आलो, असं ज्ञानदेव स्वतः सांगतात. १२९० मध्ये, इतक्या अल्प वयात, इतक्या स्वतंत्र प्रज्ञेच्या माणसानं! १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपली ओवी घुसडू नये असं बजावून ठेवलं. दुसऱ्याचं आपलं म्हणणं जितकं वाईट, तितकंच आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवणं वाईट, हे नाथांनी ओळखलं होतं. जे पुस्तक उघडलंच नाही ते संदर्भसूचीत घालणारे याच दुसऱ्या जातीचे.

आणि सालोमालो. तुकोबांचे अभंग घ्यायचे, शेवटची मुद्रा काढायची आणि स्वतःची घालायची, अशी त्याची परंपरेनं चालत आलेली कीर्ती. गाथेत तुकोबांनी त्याचा नावानिशी समाचार घेतला आहे. हे उदाहरण मी वर्गात हटकून देते, कारण स्वामित्वहक्क आणि वाङ्मयचौर्य यांतला फरक त्यानं झटकन कळतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथावरचा हक्क संपतो. तुकोबांचा अभंग आज कोणीही छापू शकतो, गाऊ शकतो, विकू शकतो. पण त्याखाली स्वतःची मुद्रा घालणारा आजही सालोमालोच. कायदा पैसा कोणाचा ते बघतो. विद्यापीठ विचारतं, विचार कोणाचा?

आता नायगावाबद्दल थोडं, कारण या विषयाची एक बाजू मला इथेच कळली आणि ती कुठल्याही विनियमनात नाही. इथल्या बीडीडी चाळी, एकूण बेचाळीस. खोल्या एकशे साठ चौरस फुटांच्या. पुनर्विकासात त्या आता जात आहेत, आणि गिरणगावावर प्रकल्प करणाऱ्या मुलांची या भागात बरीच ये-जा असते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल एखाद्या म्हाताऱ्या कामगाराला दोन-दोन तास बोलतं करतात, चहा पितात, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात. नंतर प्रबंधात लिहिलं जातं, 'संपकाळात कामगारांनी दागिने विकले असे दिसून येते.' कोणाला दिसून आलं? हे वाक्य त्या आजोबांचं होतं, दागिने त्यांच्या बायकोचे होते. पुस्तकातलं वाक्य उचललं तर पकडले जाऊ ही भीती असते. चाळीतल्या माणसाचं उचललं तर कोण पकडणार? माझ्या मते ही सगळ्यांत वाईट उचल आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावाचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला, तो ज्याचा आवाज त्याच्या नावानं. तिथे माणूस 'माहितीस्रोत' होऊन विरून गेलेला नाही. सांगणाऱ्याला नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठेवावंच, पण 'नायगावातील निवृत्त कामगार, मुलाखत, अमुक तारीख' एवढी नोंद तरी करावी. विधानाला पत्ता लागतो. चाळीत पत्र टाकताना आपण चाळ नंबर आणि खोली नंबर लिहितो ना, तसं खंड आणि पान.

अशी उचल टाळायची कशी, ते पुस्तिकेत तपशिलानं आलं आहे. मी माझा अनुभव सांगते. एम.ए.च्या वेळी मी एक निबंध लिहिला. त्यातला एक परिच्छेद मला फार आवडायचा. काही वर्षांनी एक जुनं पुस्तक वाचताना तो परिच्छेद समोर आला, जवळपास शब्दशः. मी तो चोरला नव्हता. नायगावला बसून वहीत उतरवून घेतला होता, अवतरणचिन्हं न घालता, पान न लिहिता. सहा महिन्यांनी वही उघडली, अक्षर माझं होतं, म्हणून विचारही माझाच वाटला. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून उतरलेली नाही. त्यानंतर मी वहीच्या पानाचे दोन भाग करू लागले: डावीकडे लेखकाचे शब्द, अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह, उजवीकडे माझं म्हणणं. डावीकडचं उजवीकडे न्यायचं असेल तर पुस्तक मिटायचं, अर्थ स्वतःला समजावून सांगायचा, मग लिहायचं, आणि तरीही निर्देश द्यायचा. वाङ्मयचौर्य प्रबंध टाइप करताना होतं असं आपण समजतो. बहुतेक वेळा ते आधीच, टिपणवहीत, होऊन गेलेलं असतं.

संगणकाला प्रश्न विचारून तयार परिच्छेद मिळवण्याची नवी सोय आली आहे, तिच्याबद्दल इथे एवढंच: असा परिच्छेद कधीकधी न लिहिलेल्या पुस्तकांचे संदर्भही देतो, साल आणि पान यांसकट. ज्यानं मूळ पुस्तक हातात धरलं नाही त्याला ते कळायचं कसं?

या सगळ्याच्या मुळाशी मला एक भीती दिसते. 'एवढ्या मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय, मी वेगळं काय सांगणार?' असं घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेली मुलं विशेष विचारतात. त्यांना मी शेजारच्या परळची गोष्ट सांगते. तिथल्या बीआयटी चाळीत राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. सुवर्ण विनिमय चलनपद्धतीची तरफदारी करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ केन्सचं म्हणणं त्यांनी नाव घेऊन मांडलं आणि मग खोडून काढलं. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. तीत कॅनन स्वच्छ सांगतात, की लेखकाची पुष्कळशी टीका त्यांना मान्य नाही; तरी त्याच्या विचारातल्या ताजेपणाची ते दाद देतात. असा प्रबंध आणि अशी प्रस्तावना दोन्ही शक्य झाली, कारण कोणतं मत कोणाचं हे पानापानावर उघड होतं. ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्याशी भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय स्वतःचं म्हणणं सापडत नाही. निर्देशानं आपण लहान होतो असं वाटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं त्या ग्रंथाच्या तळटिपा एकदा चाळाव्यात.

त्या तीन प्रकल्पांचं पुढे काय झालं, असं मला विचारतात. दोघांना काही कळवता आलं नाही, ते पदवी घेऊन गेले होते. तिसऱ्या मुलीला मी नायगावला सोबत नेलं आणि तो बांधीव खंड तिच्या हातात दिला. तिनं लेख वाचला, मग सूचीतून दादोबांच्या व्याकरणाचा माग काढला, आणि प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. आधीच्यापेक्षा ते निम्म्यानं आखूड होतं. मी त्याला जास्त गुण दिले.

पुस्तिकेत कुठे चूक आढळली तर वाचकांनी पान क्रमांकासह जरूर कळवावं. आणि 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' या दादोबांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८३६ सालची आहे. ज्यांच्या वहीत १८६३ असेल, त्यांनी आजच दुरुस्त करून घ्यावं.